चार घटकांचं आवतण

"मुहूर्त टळला! आणि पाहुणे आत्ता उगवताहेत. वरातीमागून घोडं!"

उंचगडचे भुजंगराव महाराज भर दरबारात कडाडले. त्यांच्या लेकीचा आज साखरपुडा. सूर्योदयानंतर चार घटकांनी या, असं आवतण त्यांनी व्याह्यांना धाडलं होतं. चार टोले पडले, पाच पडले, सहाही पडले. हारातल्या फुलांनी माना टाकल्या, भटजी जांभया देऊन दमले, आणि मग कुठे तळबंदरचे देवबाराजे लवाजम्यासह घाट चढून दारात हजर झाले. वरून हसत म्हणतात कसे, "बघा, अगदी वेळेवर पोचलो की नाही!"

झालं! महाराजांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलीचा बाप खरा, पण ताठा वरबापाच्या दुप्पट! पाहुण्यांना त्यांनी नुसतं बसासुद्धा म्हटलं नाही. देवबाराजेही काही कमी नव्हते. आल्या पावली फिरले आणि डोंगराच्या पायथ्याशी आपल्या तळबंदरात जाऊन फुरंगटून बसले.

आता चुकलं कोण? राजे तर दोघेही, ते कसे चुकतील? चुकला तो बिचारा सटवा जासूद, आवतणाचा निरोप घेऊन गेलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं!

"यानंच निरोप वाकडा सांगितला," महाराज गरजले. "उद्या याची गाढवावरून धिंड काढा!"

सटव्याची लेक आवडी मुदपाकखान्यात कणीक मळत होती. बातमी कानावर पडताच ती पिठाच्या हातांनीच दरबारात धावली. बा गरीब होता, पण मानी होता. एकदा गाढवावर बसला, की पुन्हा गावात मान वर करायचा नाही तो.

"महाराज, माझ्या बानं निरोप सरळच सांगितला जी!"

"मग ते लोक उशिरा का आले?"

"ते वेळेवर आले."

"म्हणजे मी खोटा?"

"तुमीबी खरे आणि त्येबी खरे!"

दरबारात खसखस पिकली. महाराज मिशा पिंजारत म्हणाले, "वा गं शहाणे! सूर्याची कोर दिसली की आमचा घडीवाला भोकाची वाटी पाण्यात सोडतो. वाटी बुडाली की घटका भरली, की टोला. तळबंदरात तीच रीत, तशीच वाटी. मग दोघं खरे कसे?"

"वाटी तीच हाय जी. पर तिथं सूर्यच उशिरा उगवतो. माझं आजोळ हाय तळबंदर."

"म्हणजे माझ्याकडे ताजा सूर्य आणि त्यांच्याकडे शिळा?" महाराज आता इरेला पेटले. "मला नाही पटत! उद्या सकाळी वर आणि खाली एकदम सूर्य उगवून दाखव. जमलं तर बाप सुटला. नाही जमलं तर धिंड निघेल आणि सोयरीकही मोडेल!"

दिवाणजींनी कपाळावर हात मारला. सूर्य काय या पोरीच्या दावणीला बांधलाय?

आवडीला मात्र एकदम काहीतरी सुचलं. ती पदरानं हात पुसत म्हणाली, "उगवंल की महाराज! फक्त तुमाला थोडी मदत करावी लागंल. सकाळी मावळतीच्या कड्यावर या."

सकाळी सगळा दरबार कड्यावर लोटला. पाठीमागे सूर्याची कोर दिसली. घडीवाल्यानं वाटी सोडली. महाराजांच्या पगडीवर ऊन चढलं, वाटी बुडाली, टोला पडला.

"आता खाली बघा जी."

महाराज वाकले. खाली तळबंदरावर अजून दाट सावली होती. अंगणाअंगणात दिवे मिणमिणत होते. तिथला घडीवाला म्हणे हातात कोरडी वाटी घेऊन डोंगराकडे टक लावून बसला होता!

"अरेच्चा!" महाराजांचे डोळे विस्फारले. "सूर्य तर केव्हाच निघालाय!"

"निघालाय, पर वाटंत कुणीतरी अडवून धरलाय त्याला."

"माझ्या राज्यात सूर्याला अडवतो? कोण तो दांडगट? दाखव मला! तुझ्या बापाला सोडून त्यालाच गाढवावर बसवतो!"

"शब्द दिला जी?"

"दिला!"

आवडीनं पाय आपटला. "ह्यो बघा, ह्योच डोंगर सूर्याच्या आडवा येतो. डोंगर कुणाचा, महाराज?"

"माझा! सात पिढ्यांचा!"

"मग महाराज, डोंगर जरा बाजूला घ्या. दोन्हीकडं सूर्य एकदम उगवंल. आणि घ्यायचा नसंल, तर गाढवावर कोन बसनार?"

दिवाणजींनी तर डोळेच मिटून घेतले. महाराज आधी लालबुंद झाले, मग त्यांच्या मिशा थरथरल्या, आणि मग असे खदखदून हसले की पगडी पार कानावर आली!

"सोडा रे सटव्याला! पण पोरी, डोंगर काही हलायचा नाही. मग व्याह्यांना बोलवायचं तरी कसं?"

"उगवत्या सूर्याला डोंगर अडवतो. डोक्यावर आल्यावर कोन अडवनार? सावली पायाशी गोळा झाली, की वरबी माध्यान्ह आणि खालीबी माध्यान्ह. तवा बोलवा!"

सटवा लगोलग घाट उतरला. या खेपेला निरोपाआधी त्यानं महाराजांच्या वतीनं माफी मागितली. देवबाराजांचा रुसवा गेला, आणि ऐन माध्यान्हीला साखर वाटली गेली.

महाराज म्हणाले, "आवडे, माग काय हवं ते!"

"बाला एक तट्टू द्या जी. घाट चढून चढून त्याचे पाय गेले."

"तट्टूच ना?" महाराज मिश्कील हसले. "तबेल्यात एक गाढवही मोकळं आहे बरं का!"

"नगं जी," आवडी हात जोडून म्हणाली, "आपल्या शब्दासाठी ते राखून ठेवा!"

महाराज पुन्हा पोट धरधरून हसले आणि त्यांनी आपल्या पागेतलं सगळ्यात उमदं तट्टू सटव्याच्या दारात नेऊन बांधायला लावलं.