साच्यात बसणाऱ्या म्हशी

एका गावात झुंबर नावाचा एक भोळा माणूस होता. सुलभाताईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तो कामाला होता. गावच्या डेअरीला म्हशींची नोंद ठेवणारा प्रोग्राम हवा होता. ते काम मिळालं नाही, तर ताईंच्या दुकानाला कुलूप लागणार होतं.

ताई म्हणाल्या, "झुंबर, म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यावरच्या नंबराचा साचा ठरलाय. आधी म, पुढे कितीही आकडे. त्यात बसणारे नमुने छापणारा कोड लिही. त्यावर आपला प्रोग्राम तपासू."

झुंबरने कोड लिहिला. कागदावर छापून आलं, 'आधी म, पुढे कितीही आकडे.'

"अरे, हा तर साचाच!"

"मग साच्यात साचा बसणार नाही का, ताई?"

"मोदकाचा साचा कुणी ताटात वाढतं का? साचा द्यायचा नाही, मोदक द्यायचा!"

"बरं."

तेवढ्यात शेजारच्या गोदाक्का आल्या. "झुंबर, ताईंचा मोदकाचा साचा दे रे जरा." झुंबर धावत हलवायाकडे गेला आणि एक मोदक घेऊन आला. गोदाक्का तो खात खात घरी गेल्या.

झुंबरने पुन्हा कोड लिहिला. म छापला, पुढे आकडे सुरू झाले. थांबेचनात. कागद संपले.

"कितीही म्हणजे जन्मभर नव्हे रे! चार आकड्यांवर थांब."

"बरं."

आता म१२३४ आलं. खाली म१२३४. त्याच्याखालीही म१२३४.

ताई ओरडल्या, "एकसारखे दोन ठेवायचे नाहीत!"

"बरं."

या वेळी मात्र नमुने छान निघाले. ताईंना आनंदाने रडूच यायचं बाकी होतं.

मग डेअरीचे अध्यक्ष केरबानाना आले. तपासणीसाठी स्वतःच्या दोन म्हशी घेऊन. प्रोग्रामने दोन्ही बिल्ले ओळखले. नाना खूश झाले. सहीसाठी करार टेबलावर ठेवला, पेन उघडलं आणि सहज बाहेर पाहिलं. दारात एकच म्हैस.

"दुसरी कुठाय?"

"सोडून दिली," झुंबर म्हणाला. "दोघी एकसारख्या होत्या."

"अरे गाढवा! शोधून आण!"

"कशी होती?"

"काळी! दोन शिंगं! कानात बिल्ला, आधी म, पुढे चार आकडे!"

झुंबरचा चेहरा उजळला. असलं काम आता त्याला येत होतं.

थोड्या वेळाने गावातल्या झाडून सगळ्या म्हशी दुकानात शिरल्या. मागून झुंबर. "नाना, साच्यात बसणाऱ्या सगळ्या आणल्यात. एकही सुटली नाही."

ताईंनी घाईघाईने बिल्ले तपासले. प्रोग्राम प्रत्येकीला 'बरोबर' म्हणत होता. नानांनी मान डोलावली आणि सहीसाठी टेबलाकडे वळले.

टेबलावर करार नव्हता.

"कुठल्या म्हशीने खाल्ला?" नाना गरजले.

झुंबरने नीट आठवून सांगितलं, "काळी होती, नाना. दोन शिंगं. कानात बिल्ला."