ओव्हनपाशी पहारा

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाण्यात पॉलिमरचे बारीक कण मिसळून रंगांसाठी दुधासारखा पांढरा द्राव बनवत. मालक दौलतराव खर्डेकर यांना कारखाना सासऱ्याकडून मिळाला होता, संशयी स्वभाव मात्र स्वकष्टाचा होता.

एकदा ते प्रयोगशाळेत डोकावले. केमिस्ट मीनाक्षी सोनटक्के यांनी दहा ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये ठेवला होता, तो बाहेर काढल्यावर पाचच भरला.

"अर्धा माल गेला कुठं, बाई?"

"पाणी उडालं, साहेब. मागे पॉलिमर किती उरतं, तेच तर तपासतो."

"माझ्या कारखान्यातून मला न विचारता काही उडत नाही! उद्या मी स्वतः पहाऱ्याला बसतो. वजन घटलं, तर तुमची नोकरी गेली समजा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मीनाक्षीबाई म्हणाल्या, "पहारेकऱ्याचंही वजन घेऊ या, साहेब. नियम सगळ्यांना सारखा."

दौलतराव ऐटीत मालाची पिंपं तोलायच्या काट्यावर चढले, उतरले आणि ओव्हनला खेटून बसले. टॉवेलमागून टॉवेल भिजले. दुपारी नमुना पुन्हा अर्धाच निघाला.

"चोरी! माझ्या डोळ्यांदेखत चोरी!"

"आधी काट्यावर या, साहेब." दौलतराव चढले; बाईंनी काटा वाचला. "अर्धा किलो कमी भरताय. खिसे दाखवा बघू, माल कुठं लपवलात?"

"अहो, घाम गेला तो!"

"मग आमच्या नमुन्यालाही घामच आला, साहेब."

बाईंची नोकरी वाचली. संध्याकाळी फक्त एक हुकूम निघाला: ओव्हनमध्ये पंखा बसवा, बिचाऱ्या नमुन्याला उकडतंय.