आक्काच्या पावलाएवढी वाट

ए, ऐक ना! चहा राहू दे, थंड झाला तर झाला. काय झालंय माहितीये का तुला? नाही ना? मग बस इथे, फोन उलटा ठेव आणि मध्ये बोलू नको.

एका राज्यात, डोंगरांच्याही पलीकडे, जिथे पोचायचं कसं हे वाऱ्यालाही विचारावं लागतं अशा राज्यात, हेमांगद नावाचा राजा होता. राणी नाही, मित्र नाही. होती ती एक मोठी बहीण, रत्नमाला. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, मोठं केलं. ती बागेपलीकडच्या महालात राहायची. डावा पाय अधू. रोज सकाळी काठी टेकत, पाय ओढत, बागेतल्या फरसबंदी वाटेवरून भावाकडे यायची. टक्, सर्र... टक्, सर्र... हातात लोणी-खडीसाखरेची वाटी. भाऊ राजा झाला, मिशा आल्या, तरी वाटी काही सुटली नाही.

आणि राजाला नेमका तो आवाज नकोसा व्हायचा. साखरझोप मोडायची ना! एक दिवस कातावला आणि म्हणाला, "ही वाट उखडा. दगड विहिरीत टाका. मातीवर काठी वाजणार तरी नाही."

उखडली. आता गंमत बघ. त्या वाटेखाली धूम्रकेश नावाचा मांत्रिक राहत होता. म्हणजे वाट हेच त्याचं छप्पर. डोक्यावर ऊन आलं तसा तो वर आला, दाढीत माती, खांद्यावर गांडूळ.

"राजा, माझं छप्पर काढलंस?"

"मला आवाज नको होता."

"नको ना? बरं. यापुढे कुणाचंच पाऊल तुझ्या दाराशी वाजणार नाही. आता स्वतःच्या हातांनी दारापासून फाटकापर्यंत वाट घाल. तिच्यावरून कुणी तुझ्यापर्यंत पोचलं, तर शाप सुटेल."

एवढं बोलून तो विहिरीपाशी जाऊन बसला, डोक्यावर एरंडाचं पान धरून.

बागेभोवती निवडुंग उगवला, ताडाएवढा. गवत गुडघ्याला लागलं. त्या गवतात ज्याचा पाय पडेल, तो कुठे निघाला होता तेच विसरायचा. आचारी परसातून भाजी आणायला गेला तो परत आलाच नाही. प्रधान गेला, पहारेकरी गेले, माळी गेला. महाल रिकामा. फक्त राजावर त्या गवताची जादू चालत नव्हती. त्याला सगळं आठवत राहायचं. तीच तर शिक्षा.

राजा बागेतले पेरू खायचा. जेवताना समोरच्या पाटावर स्वतःचा मुकुट ठेवायचा. तेवढीच सोबत. कधी कधी मुकुटाला विचारायचा, "अजून घेणार?" मुकुट काय बोलणार!

पण रोज सकाळी निवडुंगापलीकडून हाक यायची. "हेमा, अरे आहेस ना आत? लोणी वितळतंय बघ. किती रुसायचं माणसाने!"

राजा ओरडायचा, "आक्का! आक्का, मी आहे!" पण त्याचा आवाज निवडुंगाच्या काट्यांत अडकून राहायचा. चिंधीसारखा. ती थोडा वेळ थांबायची आणि जायची. सर्र... सर्र... मातीतून.

शेवटी राजाने कुदळ उचलली. जन्मात पहिल्यांदा! दारापासून फाटकापर्यंत सरळ दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या, खणायला लागला. तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. तेवढ्यात पायाशी कुणीतरी कडाडलं.

"थांब! डोळे आहेत का नुसत्या मिशाच?"

टिटवी होती. उघड्या जमिनीवर, खड्यांत तिची अंडी, अगदी खड्यांसारखीच.

"मी राजा आहे," तो म्हणाला. "माझी वाट सरळ जाते."

"मी आई आहे. वळसा घे."

राजाने क्षणभर पाहिलं, मग दोरी सोडली आणि वळसा घेतला. टिटवी खूश झाली. म्हणाली, "तू माझं ऐकलंस, आता मी तुला सांगते. कामं तीन आहेत. जमीन उघडी कर. दगड आण. पाऊल ओळख."

पहिलं काम झालं. चर खणला, त्यात मुरूम पसरला, धुमसाने ठोक ठोक ठोकला, पाणी साचू नये म्हणून एका अंगाला ढाळ दिला.

मग दगड. राजाला वाटलं, दगड कशाला? तळघरात शापित खजिना होता, सोन्याच्या विटांचा. आणल्या, मांडल्या. दुपारच्या उन्हात विटा गुळासारख्या मऊ झाल्या आणि राजाचे जोडे त्यांत रुतून बसले. टिटवी इतकी हसली, इतकी हसली!

मग गेला विहिरीवर. विहीर म्हणाली, "ज्याच्या पावलांनी दगड झिजला, त्याचं नाव सांग. दगड घे."

"प्रधान देवशर्मा." एक फरशी तरंगत वर आली. "सेनापती रणधवल." दुसरी आली. "माझी आक्का, रत्नमाला." तिच्या नावाला तर ढीगच आला.

"पुढे?"

आचाऱ्याला राजा जन्मभर 'अरे' म्हणत आला होता. माळ्याला 'ए'. पाणी आणणारी बाई कोण, दिवे लावणारा कोण, काही आठवेना. आठवेना कसलं, कधी माहीतच नव्हतं!

म्हणजे दगड थोडे आणि वाट लांब. मग त्याने काय केलं? स्वतः चालून बघितलं आणि एकेका ढांगेवर एकेक फरशी बसवली. मध्ये गवत. शेवटची फरशी फाटकापाशी टेकली तसा निवडुंग दुभंगला. पलीकडे आक्का उभी! काळजीने केस पांढरे झालेले, हातात तीच वाटी.

"हेमा!" ती पहिल्या फरशीवर चढली. पुढची बघितली. "हे कुणासाठी घातलंयस रे? उंटासाठी?"

"आक्का, गवतात पाय नको टाकू!"

पण अधू पाय तो. उचलला, पोचला नाही, गवतात पडला. आक्का थांबली. राजाकडे बघितलं, परक्या माणसाकडे बघावं तसं. "मी... कशाला बरं आले होते इथे?" म्हणाली आणि वाटी सांभाळत परत गेली. निवडुंग मिटला.

दुसऱ्या दिवशी हाक नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. राजाने मुकुट पाटावर ठेवणंही सोडलं. मग एका सकाळी, फार हळू, हाक आली. "हेमा... अरे, लोणी घुसळताना आठवलं बघ. तुझ्यासाठीच घुसळत होते की."

राजा रडला. टिटवी म्हणाली, "अजून एकदा तिचं पाऊल गवतात पडलं, तर लोणी घुसळतानाही आठवणार नाही. आता चुकू नकोस. पाऊल ओळख."

कसं ओळखायचं? आयुष्यभर तिच्या हातचं खाल्लं, पण ती चालते कशी हे कधी मान वळवून पाहिलंच नव्हतं. बघितलं नव्हतं, पण... ऐकलं होतं! अंथरुणात, दात ओठ खात, रोज. तो चरात डोळे मिटून बसला. टक्. काठी, थोडी पुढे. मग चांगला पाय, जेमतेम वीतभर. मग सर्र. हा पाय उचलला जात नाही, घासत येतो. म्हणजे फटच नको! कडेला कड भिडली पाहिजे, एकही कोर वर नको, नाहीतर अडखळेल. ज्या आवाजाचा इतका राग केला, तोच आवाज आता त्याला हात धरून शिकवत होता.

सगळ्या फरशा उखडल्या. फाटकाकडून सुरुवात केली. भिडवून, ठोकून, वरून तळहात फिरवून. एखादी डुगडुगली की काढून परत बसवायची. दगड संपले. सिंहासनाच्या पायऱ्या काढल्या. त्याही संपल्या. दाराचा उंबरा काढला, तो शेवटी घातला. तरी दारासमोर एक पाऊल कमी पडलंच.

निवडुंग उघडला. टक्, सर्र. टक्, सर्र. राजा दारात उभा, श्वास रोखून. टिटवीच्या वळणावर आक्का थबकली. "हा वळसा कशाला?"

"तिथे अंडी आहेत, आक्का."

"हं. शहाणा झालास."

मग ती उंबऱ्याच्या दगडावर आली. पुढे गवत. तिचा पाय सरकायला लागला. आणि राजा दारातच! कारण त्या घराण्याची रीत होती, राजाने उंबऱ्याबाहेर येऊन कुणाचं स्वागत करायचं नाही. प्राण गेला तरी नाही.

"उंबरा कुठे आहे, राजा?" टिटवी किंचाळली. "तिच्या पायाखाली आहे ना?"

राजाने झेप घेतली. अनवाणी, गवतात. आक्काला खांद्याशी धरलं. तिचं पाऊल दगडावरच राहिलं.

"अरे हळू, सांडेल!" आक्का म्हणाली.

झालं! निवडुंग खाली बसला, गवत सुकलं. माणसांना आठवलं आपण कुठे निघालो होतो. आचारी भाजी घेऊनच परत आला. राजा फाटकापाशी उभा राहून प्रत्येकाला नाव विचारत होता. एकेका नावासरशी विहिरीतून एकेक फरशी वर येत होती. मांत्रिक आपल्या छपराखाली गेला आणि सकाळी खालून ओरडला, "अहो, झोपू द्या की जरा!"

राजा म्हणाला, "सवय होईल."

पुढे आक्का आणखी थकली. काही सकाळी तिला फार उशीर होतो. काही सकाळी ती येतच नाही. राजा तरी दाराबाहेर येऊन, त्या रिकाम्या एका पावलावर, मातीत उभा राहून ऐकत असतो. आता त्याच्याकडे हवे तेवढे दगड आहेत. पण ती जागा त्याने भरली नाही. म्हणतो, तेवढं एक पाऊल माझं.

तुझं काय? तू काय केलं असतंस? भरली असतीस ती जागा?