गिरिजेने उत्तरं सोडली

एका गावात एक बाई होती. गिरिजा तिचं नाव. तिची लेक वेणू एकदा तापाने फणफणली, तेव्हा गिरिजा देवापुढे पदर पसरून बोलली होती, "पोरीला बरं वाटू दे. मला सगळ्यात जे आवडतं, ते मी चातुर्मासात सोडीन." पहाटे पोरीला घाम सुटला. ताप उतरला. तिने पेज मागितली.

आता नवस फेडायचा. गावात कुणी वांगं सोडलं होतं, कुणी कांदा, कुणी गूळ. गिरिजा विचारात पडली. आपल्याला सगळ्यात काय आवडतं बरं? खरवस, की विडा? सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "कशाला डोकं शिणवतेस? तुला गोडापेक्षा सांगणं गोड लागतं. कुणी विचारायचा अवकाश, तुझं उत्तर तयार."

गिरिजा आधी हसली. मग तिला ते पटलं. देवाशी लबाडी कशी करायची? आषाढी एकादशीला तिने तुळशीपाशी पाणी सोडलं आणि नेम धरला. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. विचारणाऱ्यालाच परत विचारायचं. उद्यापन कार्तिकी पौर्णिमेला, चंद्र उगवल्यावर.

हे गाव एका मोठ्या तळ्याकाठी होतं. सकाळी धुकं असं उतरायचं की तळ्याला पलीकडचा काठ आहे की नाही, हेच कळू नये. पण काठ होता, आणि तिथे पाठशाळा होती. गावची रीत अशी की, मूल सात वर्षांचं झालं की कार्तिकी पौर्णिमेच्या सकाळी त्याला घाटावर आणायचं. पाठशाळेचे आचार्य नावेतून येत आणि मुलाला एकच प्रश्न विचारत. उत्तर आलं तर मूल नावेत बसे. नाही आलं तर जन्मभर अलीकडच्या काठावर. दुसऱ्यांदा विचारणं नाही.

म्हणून आई मुलाच्या पाठीमागे बसायची आणि हळूच उत्तर सांगायची. यात कुणाला गैर वाटत नसे. पिढ्यानपिढ्या हेच चालत आलेलं. त्यामुळे काय झालं, त्या गावची मोठी माणसंसुद्धा बोलण्याआधी मागे वळून पाहायची. वाणी भाव सांगताना वळे. नवरदेव होकार देताना वळे. मागे कुणी नसलं तरी वळे.

त्या गावात पूर्वी तीन विचारवंत होऊन गेले होते. पहिला म्हणाला, मूल म्हणजे रिकामी घागर, भरत राहा. दुसरा म्हणाला, मूल म्हणजे ओली माती, थापत राहा. दोघांचे बोल लोकांनी घाटाच्या भिंतीवर कोरून ठेवले. तिसरा म्हणाला, मूल म्हणजे झरा, वरचा दगड तेवढा उचला. पण हे सांगताना तो मागे वळला नाही. लोकांना वाटलं, याला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्याचं काही कोरलं नाही.

आणि वेणूला यंदा सातवं सरत होतं. पोर मुळातच अबोल. शेजारणी तिला घुमी म्हणत. आईने पाठीमागून सांगितलं तरच हिचं तारू पार होणार, हे गिरिजेला पक्कं ठाऊक होतं. नेम धरताना मात्र हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नेमाची पहिली चुणूक यजमानांना मिळाली. उपरणं कुठे आहे म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. गिरिजा शांतपणे म्हणाली, "कुठे असेल, तुम्हाला काय वाटतं?" ते चिडले, फणकारले, आणि खांद्यावर हात गेल्यावर गप्प झाले. सासूबाईंना त्या दिवशी हसता हसता ठसका लागला.

वेणूचं मात्र निराळं होतं. एका संध्याकाळी अंगणात घंगाळभर पाणी होतं आणि त्यात चांदणं उतरलं होतं. वेणूने विचारलं, "आई, चांदणं पाण्यात पडलं की भिजतं का गं?" उत्तर गिरिजेच्या ओठांशी आलं. तिने ते आवंढ्यासारखं गिळलं आणि म्हणाली, "तुला काय वाटतं?"

वेणू घंगाळापाशी उकिडवी बसली. मग तिने पाण्यात हात घातला, बाहेर काढला, तळव्याकडे पाहिलं. "हात भिजला," ती म्हणाली, "चांदणं आत शिरताना होतं तसंच वर आलं." आणि एवढी मोठी गोष्ट बोलल्यावर ती झोपायला गेली. गिरिजा घंगाळापाशी किती वेळ उभी होती, तिचं तिलाच कळलं नाही. ही पोर एवढं बोलते? की आजवर आपणच तिला बोलायला जागा ठेवली नव्हती?

त्यानंतर वेणूला नादच लागला. घाटाच्या पायऱ्यांवर एक दगडी हत्ती होता. ती रोज त्याच्याजवळ जाऊन बसायची आणि तळ्याकडे बघत राहायची. काय बघतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, अजून बघून झालं नाही.

असं करता करता कार्तिकी पौर्णिमा आली. सकाळी धुक्यातून नाव आली. आधी नाव दिसेना, नुसतं वल्ह्याचं पाणी ऐकू येत होतं. आचार्य उतरले. मुलं एकेक करून पुढे गेली, आया पाठीमागे बसल्या, उत्तरं आली. मग वेणूची पाळी आली.

आचार्यांनी विचारलं, "बाळ, या तळ्यात पाणी किती?"

गिरिजेचा जीव भांड्यात पडला. हे उत्तर गावात कुणालाही येत होतं. देवाच्या कृपेएवढं, असं म्हणायचं, की झालं. वेणूने मागे वळून आईकडे पाहिलं. आणि गिरिजेला आठवलं, चंद्र उगवायला अजून अख्खा दिवस आहे.

सासूबाई तिच्या कानाशी वाकल्या. "सांग गं. पोरीसाठीच धरलास ना नेम? एका शब्दासाठी देव रागावायचा नाही."

खरं होतं ते. देव रागावला नसता. गिरिजेलाही ते माहीत होतं. पण तिला चांदण्याची ती संध्याकाळ दिसत होती, आणि आत्ता आपण बोललो तर ही पोर पुन्हा गप्प होईल, कायमची, असं तिला आतून वाटलं. न बोललो तर नाव जाईल. तिने पदराचं टोक दातांत धरलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण ओठ हलले नाहीत. तिने लेकीकडे पाहून नुसती मान हलवली. तुझं तू.

वेणू पुन्हा आचार्यांकडे वळली. घाटावर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, घुमीला नाव कशाला हवी. वेणू पायऱ्या उतरून हत्तीपाशी गेली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथूनच म्हणाली, "कुठल्या दिवसाचं पाणी विचारता?"

कुजबुजणारी माणसं ऐकायला पुढे सरकली.

"आषाढात हत्तीच्या गुडघ्यापर्यंत होतं. श्रावणात त्याचे कान बुडाले. आज पाठ वर आली आहे. आतमध्ये किती आहे, ते इथून दिसत नाही. नावेतून गेलं तर बघता येईल."

आचार्यही याच गावचे. सवयीने त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त धुकं होतं, आणि धुक्याखाली पाणी. तिथून कुणी काही सांगितलं नाही.  मग त्यांनी वेणूपुढे हात केला आणि म्हणाले, "ये. आपण बघू."

नाव सुटली. आधी आचार्य दिसेनासे झाले, मग वेणूच्या परकराची किनार, मग वल्हं. गिरिजा पाण्यात पाय सोडून बसून राहिली. तिला आनंद झाला होता आणि आतून ओकंबोकंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी.

संध्याकाळी चंद्र वर आला. ओटी भरली, नैवेद्य झाला, नेम सुटला. शेजारीण हळदीकुंकवाला आली होती. तिने विचारलं, "काय गं गिरिजे, पोरगी शिकून पुढे कोण होणार तुझी?"

आता बोलायला मोकळीक होती. गिरिजेने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथे एक दिवा लागला होता. "ते अजून तिलाच कळायचं आहे," ती म्हणाली, "मी आधीच कसं सांगू?" आणि तिने शेजारणीच्या हातावर प्रसाद ठेवला.

तात्पर्य: मुलाला आपलं उत्तर देणं सोपं असतं, त्याचं उत्तर उमलेपर्यंत थांबणं हे खरं व्रत, आणि त्या थांबण्यातच माणूस घडतो. तेव्हा आयाबायांनो, बाबांनो, वांगं-कांदा सोडाल तेव्हा सोडा, पण आज घरातलं लेकरू काही विचारायला आलं तर एवढा नेम तुम्हीही धरून पाहा: घटकाभर थांबा, आणि त्यालाच विचारा, "तुला काय वाटतं?"