न बघता काढलेलं वर्तुळ

वस्तू अजून आपसात बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. शहराबाहेरच्या जुन्या धक्क्याखाली हिराजी आणि मुकुंदा हे दोन पाणबुडे अंधार पडला की किनाऱ्यावरून पाण्यात उतरायचे. हिराजीच्या हातात थोरली टॉर्च असायची, मुकुंदाच्या हातात धाकटी.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून या दोघी टॉर्चनी उजेडाच्या खुणा ठरवल्या होत्या. एकीने खांबावर उजेडाचं वर्तुळ काढलं की "बरी आहेस ना?" दुसरीने तसंच वर्तुळ काढलं की "बरी आहे." आणि उजेड आडवा हलवला, तर "धाव!"

धाकटी घाबरट होती, सारखी विचारायची. वर आल्यावर थोरली वैतागायची, "किती गं ते विचारणं! कुठे पळून जाणार आहे का मी?" हळूहळू ती न बघताच वर्तुळ काढून मोकळी होऊ लागली.

एकदा खांबांत अडकलेल्या फाटक्या जाळ्याने मुकुंदाचा पाय धरला. धाकटी जिवाच्या आकांताने आडवी हलू लागली. थोरली तेव्हा एका ऑक्टोपसचे बदलते रंग बघण्यात दंग होती. मागे उजेड हलल्याचं तिला जाणवलं.

"झालं हिचं सुरू," ती मनाशी म्हणाली आणि तिने न बघताच वर्तुळ काढलं.

"अगं, विचारत नाहीये मी, बोलावतेय!" धाकटी मनातल्या मनात ओरडत आडवी हलतच राहिली.

थोरलीने आणखी एक वर्तुळ काढलं. चांगलं मोठं.

बऱ्याच वेळाने हिराजी मागे वळला. मुकुंदा जाळ्यात निश्चल तरंगत होता. त्याच्या मनगटाला धाकटी लोंबत होती, विझलेली.

थोरलीने शेजारच्या खांबावर वर्तुळ काढलं, आणि पहिल्यांदाच उत्तराची वाट बघत थांबली.