शेटजींची निर्जळी

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात मुंबईला मुकुंदशेटची एक चाळ होती. तिथली विहीर संडासाला खेटून, म्हणून दर पावसाळ्यात पटकी ठरलेली. अखेर आरोग्य खात्याचा गोरा साहेब पाहणीला आला.

"पाणी म्हणजे गंगाजळ, साहेब," शेटजी म्हणाले.

शेटजी उन्हातून आलेले. भाडेकरू ठकूबाईने रीतीप्रमाणे गूळ आणि विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला.

शेटजींनी हात आखडला. "आज माझी निर्जळी आहे."

"मग साहेब घेतील. त्यांना कुठला उपवास?"

साहेब तांब्या तोंडाला लावणार, तोच शेटजींनी तो हिसकावून घेतला. साहेब काय ते समजला.

महिन्याभरात विहीर बुजली, चाळीत नळ आला. पहिला तांब्या ठकूबाईने शेटजींच्या घरी पाठवला आणि निरोप दिला, "आता उपवास सोडा."