बे साती अडलं

सोमवार, नऊ फेब्रुवारी. सकाळी धुकं. मग कोवळं ऊन.

जांभळाखाली शाळा होती. कासव गुरुजी शिकवायचे. हळूहळू शिकवायचे. बेचा पाढा जूनमध्ये सुरू झाला होता. आता संपत आला होता.

शाळेला एक घंटा होती. जो पूर्ण पाढा म्हणेल, त्याने ती वाजवायची. टण टण. दोन टोले. शाळा सुटली.

रोज पोपट पाढा म्हणायचा. रोज पोपटच घंटा वाजवायचा.

झुपकी होती इवलीशी खार. तिला घंटा वाजवायची होती. एकदाच.

आज झुपकी उभी राहिली. बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा. बे चोक आठ. बे पंचे दहा. बे सक बारा. बे साती... बे साती...

पुढचं हरवलं. काल होतं. आज नाही.

"सोपं आहे गं," पोपट म्हणाला. "तुझ्यासाठी नाही, एवढंच."

गुरुजी म्हणाले, "चालीवर म्हण, म्हणजे सापडेल. चाल बुलबुलबाईंना येते. शाळा सुटायच्या आत ये हो."

तुरुतुरु तुरुतुरु. झुपकी बुलबुलबाईंकडे गेली.

"बे साती अडलं. पुढचं कुठे दडलं? बुलबुलबाई, चाल गाता का?"

बाईंनी डोक्यावरचा तुरा सारखा केला. फार मोठ्या गाणाऱ्या त्या. एकदा बारशाला गायल्या होत्या.

"ठेक्याशिवाय मी गात नाही. आधी सुतारभाऊंनी ठेका द्यावा. मग बघू."

तुरुतुरु तुरुतुरु. सुतारभाऊ म्हणजे सुतारपक्षी. सकाळपासून खोड ठोकत होते. टक टक, टक टक. झुपकीला पाहिलं आणि थांबले.

"बुलबुलबाई गाईना. बे साती अडलं. पुढचं कुठे दडलं? सुतारभाऊ, ठेका देता का?"

"सुराशिवाय मी ठोकत नाही. आधी भुंगेरावांनी सूर धरावा. मग बघू."

झुपकी वळली. मागे पुन्हा सुरू. टक टक, टक टक.

तुरुतुरु तुरुतुरु. भुंगेराव करडईच्या फुलावर बसले होते. कामात होते. म्हणजे खात होते.

"सुतारभाऊ ठोकेना. बुलबुलबाई गाईना. बे साती अडलं. पुढचं कुठे दडलं? भुंगेराव, सूर धरता का?"

"मान डोलवणारं कुणी नसेल, तर मी गुणगुणत नाही. आधी म्हैसमावशीने मान डोलवावी. मग बघू."

तुरुतुरु तुरुतुरु. म्हैसमावशी डबक्यात बसली होती. कालही तिथेच होती.

"भुंगेराव गुणगुणेना. सुतारभाऊ ठोकेना. बुलबुलबाई गाईना. बे साती अडलं. पुढचं कुठे दडलं? म्हैसमावशी, मान डोलवतेस का?"

"पाठीला गोचिडी चावतात, बाळ. आधी बगळेबुवांनी त्या टिपाव्यात. मग बघू."

तुरुतुरु तुरुतुरु. बगळेबुवा काठावर उभे होते. एका पायावर. डोळे मिटून. ध्यान चाललं होतं. बुवांना जगातलं काहीच नको होतं.

"म्हैसमावशी डोलेना. भुंगेराव गुणगुणेना. सुतारभाऊ ठोकेना. बुलबुलबाई गाईना. बे साती अडलं. पुढचं कुठे दडलं? बगळेबुवा, गोचिडी टिपता का?"

एक डोळा उघडला.

"किती आहेत?"

"पुष्कळ."

ध्यान संपलं.

टिप टिप टिप. बगळेबुवा टिपू लागले. म्हैसमावशी डोलू लागली. भुंगेराव गुणगुणू लागले. गुंऽऽ. सुतारभाऊ ठोकू लागले. टक टक, टक टक. बुलबुलबाई गाऊ लागल्या.

बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा. बे चोक आठ. बे पंचे दहा. बे सक बारा. बे साती... आऽऽऽ...

बाईंनी तान घेतली. लांबच लांब तान. पुढचं बाईंनाही येत नव्हतं.

म्हैसमावशी मान डोलवत राहिली. मान डोलवायला पाढा यावा लागत नाही.

पण ठेका थांबला नाही. टक टक, टक टक. झुपकीची शेपटी हलू लागली. झुप झुप, झुप झुप.

"बे साती," टक टक, "चौदा."

सापडलं.

तुरुतुरु तुरुतुरु. झुपकी शाळेत आली. पोपटाने घंटेची दोरी धरलीच होती.

झुपकीने पाढा म्हटला. चालीवर. शेपटीच्या ठेक्यावर. बे एके बेपासून बे दाहे वीसपर्यंत. कुठेच अडला नाही.

"सोड रे दोरी," गुरुजी पोपटाला म्हणाले.

झुपकीने दोरी धरली.

टण टण. बे एके बे.
टण टण. बे दुणे चार.
टण टण. बे त्रिक सहा.
टण टण. बे चोक आठ.
टण टण. बे पंचे दहा.
टण टण. बे सक बारा.
टण टण. बे साती चौदा.

शाळा बारा वाजून पाच मिनिटांनी सुटली. टोले झाले चौदा.